पहिल्या घोटाआधीची भिंत

कोपनहेगनमधील औषध कंपनीत काम करणारे डॅनिश औषधशास्त्रज्ञ एरिक जेकबसेन (१९०३-१९८५) प्रत्यक्षात जंतांवरील औषधाच्या शोधात होते. चाळीसच्या दशकात सहकारी येन्स हाल्द यांच्यासह त्यांनी डायसल्फिरामच्या गोळ्या आधी स्वतःच घेऊन पाहिल्या. त्या दिवसांत थोडेसे मद्य घेताच चेहरा लाल होई, छाती धडधडे, मळमळ सुरू होई. प्रारंभी दोष अन्नाला दिला गेला. दोघांनी अनुभव ताडून पाहिल्यावर मात्र गोळीवर संशय आला. मद्यापासून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचा निचरा ती रोखत होती.

डॉ. ओलुफ मार्टेन्सन-लार्सन यांनी हे औषध व्यसनी रुग्णांना दिले. १९४८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये संशोधन प्रसिद्ध झाले आणि 'अँटाब्यूस' नावाने गोळी जगभर पोहोचली. सुरुवातीच्या मोठ्या मात्रा काही रुग्णांच्या जिवावर बेतल्याने पुढे मात्रा घटवण्यात आली. रुग्णाच्या नकळत ती जेवणात मिसळणे आजही तितकेच धोक्याचे आहे.

जेकबसेन यांच्या गोळीने दारूची ओढ शमत नाही. पहिल्या घोटाआधी भीतीची भिंत तेवढी उभी राहते. ती भिंत रोज नव्याने बांधण्याचा निर्धार रुग्णालाच करावा लागतो.