गणितसारसंग्रहकार महावीराचार्य

इसवी सनाच्या नवव्या शतकात मराठवाड्याच्या भूमीवर राष्ट्रकूटांची सत्ता होती. सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. सुमारे ८१४ ते ८७८ अशी त्यांची प्रदीर्घ कारकीर्द. आदिपुराणकार जिनसेनाचार्यांना ते गुरुस्थानी मानीत. विद्येला असा आश्रय लाभलेल्या या काळात, सुमारे ८५० मध्ये, दिगंबर जैन परंपरेतील महावीराचार्यांनी संस्कृतात ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ सिद्ध केला.

आचार्यांचे जन्मगाव, माता-पिता, दीक्षागुरू यांविषयी इतिहास मौन पाळतो. त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथच होय. प्रारंभी ते भगवान महावीरांना वंदन करतात, मग अमोघवर्षांचा गौरव करतात आणि त्यानंतर गणिताची महती सांगतात. पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, संगीत, व्याकरण यांपैकी कोणतेही क्षेत्र गणितावाचून चालत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तोवर गणित बहुधा ज्योतिषग्रंथांच्या एखाद्या अध्यायात सामावलेले असे. आचार्यांनी अकराशेहून अधिक श्लोकांचा संपूर्ण ग्रंथ केवळ गणितालाच वाहिला.

त्यांची उदाहरणेही श्रावकाच्या जीवनातीलच आहेत. प्रत्येक जिनमंदिरात आठ कमळे वाहिली, तर १४४ मंदिरांत किती? एका मंदिरी १३९ पुष्कराज, तर १०९ मंदिरांत किती? या दुसऱ्याचे उत्तर १५१५१ येते. उलटसुलट कसेही वाचले तरी तीच संख्या! विद्यार्थ्याचे मन रमावे, याची ही केवढी काळजी.

ग्रंथातील त्रैराशिकाचा अध्याय व्यापारी समाजाला विशेष जवळचा वाटेल. ज्ञात वस्तूचे परिमाण ते ‘प्रमाण’, त्याचे मोल ते ‘फल’ आणि जितकी वस्तू हवी ती ‘इच्छा’. फलाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे. मात्र प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची असली पाहिजेत. मीटरसमोर मीटरच हवा, रुपया नव्हे. आजही सातवी-आठवीच्या मुलांची चूक बहुधा येथेच होते.

शाळेत शिकवली जाणारी एकमान पद्धत आधी एका नगाचा दर काढते. सात मीटर कापडाचे ५०० रुपये, तर एका मीटरचे ७१ रुपये ४३ पैसे धरावे लागतात आणि एकवीस मीटरला १५०० रुपये ३ पैसे होतात. आधी गुणून मग भागले, तर नेमके १५०० येतात. तीन पैसे क्षुल्लक खरे. पण ठोक व्यवहारात तेच कोणाच्या तरी पदरचे जातात. तत्त्वार्थसूत्रात मापे कमी-अधिक ठेवणे हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे, हे येथे सहज आठवते.

व्यस्त प्रमाणासाठी आचार्य हीच कृती उलट करावयास सांगतात. छत्तीस इंची पन्ह्याचे दहा मीटर कापड ज्या कामास लागते, त्यास पंचेचाळीस इंची पन्ह्याचे आठ मीटर पुरते. पन्हा वाढला की लांबी घटते. पुढे पंचराशिक, सप्तराशिक, नवराशिक, वस्तूंची अदलाबदल असा विस्तार होत जातो आणि मिश्रक व्यवहारात मुद्दल-व्याज व सोन्याचा कस येतो.

आचार्यांची दृष्टी चौफेर होती, पण ती सर्वत्र अचूक होती असे नव्हे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. तथापि शून्याने भागले असता संख्या जशीच्या तशी राहते, हे त्यांचे विधान आज ग्राह्य धरता येत नाही. श्रद्धेपोटी ते लपविण्याचे कारण नाही.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. पुढे १९१२ मध्ये मद्रास येथून एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी अनुवादासह मूळ संहिता प्रसिद्ध केली आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद काढला.