ललिता पवार : चरित्रभूमिकेची साधना

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नायक-नायिकांच्या खालोखाल ज्यांची नावे येतात, त्या कलावंतांचा चेहरा प्रेक्षकांच्या ओळखीचा असतो. नाव मात्र क्वचितच ठाऊक असते. ललिता पवार यांच्या वाट्याला याच्या नेमके उलट भाग्य आले. ज्या घरांत मराठीचा शब्दही कानी पडत नसे, अशा उत्तर हिंदुस्थानातील घरांतही खाष्ट सासूला त्यांचे नाव दिले जाई. विशेषनामाचे असे सामान्यनाम होणे हा अभिनयाचा विजय खरा, परंतु त्यात अभिनेत्रीवर अन्यायही आहे. त्यांना एका साच्यात बसवून आपण मोकळे झालो, आणि त्या साच्यात त्यांनी काय ओतले याचा विचार करावयाचे राहून गेले.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. मूळ नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी. जुन्या वळणाच्या घराण्यातील ही मुलगी १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटातून बालनटी म्हणून पडद्यावर आली. पुढे त्या मूकपटांच्या व बोलपटांच्या नायिका झाल्या. शब्दांची मदत नसताना केवळ दृष्टी, मान आणि हात यांनी भाव पोहोचविण्याची जी शिस्त मूकपटाने लावली, ती त्यांच्या अभिनयात अखेरपर्यंत टिकली.

त्यांच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘दुनिया क्या है’ हा बोलपट निर्माण केला. त्याची कथा टॉलस्टॉयच्या १८९९ मधील ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर आधारलेली होती. एका सरदाराने फसविलेली दासी अधोगतीला जाते, आणि तिच्यावरील खटल्यात न्याय द्यावयास ज्यांना बसविले आहे त्यांत तोच सरदार असतो, असा त्या कादंबरीचा विषय. पुढे जिने छळ करणाऱ्या स्त्रिया रंगविल्या, त्या अभिनेत्रीने ऐन तारुण्यात निर्माती या नात्याने निवडली ती छळल्या गेलेल्या स्त्रीची कथा! हा योगायोग मानून सोडून देता येत नाही.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहनट मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारावयाची होती. तो तडाखा अनवधानाने फार जोराचा बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डाव्या डोळ्यातील शीर तुटली. दीर्घ उपचारांनंतरही तो डोळा बारीकच राहिला. नायिकेचे पर्व संपले. त्या अधू डोळ्यामुळेच त्यांना खलभूमिका साधल्या असे पुष्कळदा सांगितले जाते. हे स्पष्टीकरण सोपे असले तरी अपुरे आहे. डोळ्याने मुद्रेला एक कठोरपणा दिला असेल. पण अभिनय मुद्रेत नसतो, तिच्या उपयोगात असतो. सौंदर्यावर उभे असलेले जीवितकार्य एका क्षणात हातचे गेल्यावर सव्विशीतील या स्त्रीने ते पुन्हा पायापासून रचले, हे अधिक महत्त्वाचे होय.

या रचनेचे स्वरूप अपघातानंतर दोनच वर्षांनी ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त दिसले. ‘ध’चा ‘मा’ केल्याचा दोष लोकपरंपरेने जिच्या माथी ठेवला आहे, ती आनंदीबाई त्यांनी साकार केली. सत्तेची हाव आणि सत्ता निसटून जाण्याचे भय या दोन्ही गोष्टी त्या भूमिकेत एकत्र नांदतात. शांतारामबापूंच्या ‘दहेज’ (१९५०) मधील हुंड्यासाठी सुनेला गांजणारी सासू ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. हुंडाबंदीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये झाला. तिचा क्रौर्यभाव आकाशातून पडलेला नाही. ज्या कुटुंबरचनेत सून म्हणून स्त्रीला काहीच अधिकार नसतो आणि सासू झाल्यावरच तो हाती येतो, त्या रचनेचा तो परिपाक आहे. प्रेक्षकांनी त्या सासूचा मनापासून द्वेष केला, कारण तिला त्यांनी आपल्याच घरात पाहिले होते.

परंतु त्यांची झेप एवढीच नव्हती. एकाच वर्षी, १९५५ मध्ये, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये पुरुषजातीवर रुष्ट असलेली श्रीमंत आत्या आणि ‘श्री ४२०’ मध्ये परक्या तरुणावर माया करणारी केळीवाली गंगामाई, अशी दोन टोके त्यांनी गाठली. हृषिकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा ही घरमालकीण तर त्यांच्या कलेचा कळस. ओठांवर दटावणी आणि अंतःकरणात वात्सल्य असलेली ही ख्रिस्ती बाई भेसळीच्या औषधाने मरते तेव्हा चित्रपटातील अन्यायाला प्रथमच खरे वजन येते. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले; १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. ‘प्रोफेसर’ (१९६२) मधील करारी पालक वृद्धाच्या सोंगातील तरुणावर भाळते, तेव्हा प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता एका एकाकी स्त्रीच्या कोरड्या आयुष्याची जाणीव होऊन ओशाळतो.

१९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटात आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत त्यांनी मंथरा उभी केली. तुलसीदासांच्या मंथरेची बुद्धी देवांच्या विनंतीवरून सरस्वती फिरविते. वाल्मीकींच्या मंथरेला असे दैवी निमित्त नाही. कैकेयीच्या माहेराहून आलेली ती दासी. सवतीचा पुत्र राजा झाल्यावर आपल्या स्वामिनीचे काय होईल या चिंतेने ती ग्रासलेली आहे. ललिताबाईंची मंथरा मला वाल्मीकींच्या अधिक निकटची वाटते. तिच्या कुटिलपणाच्या मुळाशी निष्ठा आहे, आणि म्हणूनच ती अधिक भयावह होते.

सुमारे सात दशके त्या काम करीत राहिल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात जाते असे सांगतात. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. भारतीय कथेत म्हाताऱ्या स्त्रीला बहुधा दोनच आसने दिली जातात : एक देवतेचे, दुसरे चेटकिणीचे. ललिताबाईंना बहुतेक वेळा दुसरेच मिळाले. त्यावर बसूनही त्यांनी प्रत्येक दुष्ट स्त्रीला तिचे कारण मिळवून दिले. दुष्टतेचे समर्थन न करता तिचे कारण दाखविणे हे थोर कादंबरीकाराचे काम. ते त्यांनी दुय्यम भूमिकांच्या चार-दोन प्रसंगांत केले.