आधी बघा, मग फवारा

सतराव्या वर्षी तुम्ही काय करत होता? बारावी, क्लास, टेन्शन? लंडनमध्ये जन्मलेला चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली त्या वयात अमेरिका गाठून इलिनॉयमधल्या शेतावर राबत होता. पिकावर कीड दिसली की तासन् तास निरखायची, चित्रं काढायची, हा त्याचा नाद. त्याच नादापायी 1868 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो मिसूरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ झाला.

तेव्हा फ्रान्समधल्या द्राक्षबागा वाळत चालल्या होत्या. मुळांतला रस शोषणारी ही फायलोक्सेरा कीड मूळची अमेरिकेचीच, हे रायलीने दाखवून दिलं. मग अमेरिकी वेली कशा तगतात? त्यांची मुळंच चिवट! अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करा, असा आग्रह त्याने आणि फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांशाँ यांनी धरला. त्या कलमांनी बागा वाचवल्या.

पुढे कॅलिफोर्नियात संत्र्यांवर पांढरी खवले कीड पडली. फवारे मारूनही हटेना. कीड ऑस्ट्रेलियातून आलीय, म्हणजे तिला खाणारेही तिथेच असणार, हे रायलीने ताडलं. पण परदेशवारीला सरकारी पैसा नव्हता. मग मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या खर्चातून 1888 मध्ये सहकारी कोबेलेला धाडलं. त्याने पाठवलेले पहिले 129 व्हेडालिया ढालकिडे बागेत सोडले आणि वर्षभरात कीड आटोक्यात आली.

1895 मध्ये सायकलवरून पडून रायली गेला, वय 51. कुंडीतल्या रोपावर ढालकिडा दिसला, तर लगेच फवारा उचलू नका. तो तिथे काय खातोय, ते आधी बघा.