संथ नजरेचा माग घेणारे डॉ. नोशीर वाडिया

वाचताना आपली नजर ओळीवरून अलगद सरकत जाते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती सरकत नाही, उड्या मारते. एका शब्दावर क्षणभर विसावते, पुढच्यावर झेप घेते आणि ओळ संपली की क्षणार्धात मागे येऊन दुसरी ओळ पकडते. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींमध्ये डोळ्यांच्या या झेपेची गणना होते. काही कुटुंबांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या ही झेप मंदावत जाते. डोळे उडी घेण्याऐवजी रांगू लागतात. या मंद डोळ्यांमागे एक स्वतंत्र आनुवंशिक विकार दडलेला आहे, हे जगापुढे मांडण्याचे श्रेय मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर होर्मसजी वाडिया यांच्याकडे जाते.

वाडिया यांचा जन्म 27 जानेवारी 1925 रोजी सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. पुढील अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांना गुरू लाभले ते रसेल ब्रेन. आडनावच 'मेंदू' असलेला हा मेंदूविकारतज्ज्ञ 'ब्रेन' याच नावाच्या नियतकालिकाचा संपादकही होता. हा निव्वळ योगायोग. नियतकालिक 1878 पासूनचे, म्हणजे या संपादकाच्या जन्माआधीचे. पुढे वाडियांचे सर्वांत महत्त्वाचे लेखन याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

लंडनमध्ये स्थिरावण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. वाडिया 1957 मध्ये मुंबईला परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात त्यांनी न्यूरॉलॉजीची घडी बसवली. भारतात त्या काळी ही शाखा बाल्यावस्थेत होती. मेंदूचे सीटी स्कॅन जगात कोठेच उपलब्ध नव्हते. एमआरआय तर आणखी दूरची गोष्ट. डॉक्टरच्या हाती होती ती बॅटरी, गुडघ्यावर ठोकण्याची छोटी हातोडी, टाचणी आणि स्वतःची नजर. परंतु जे. जे.च्या वॉर्डांत जे होते ते लंडनमध्ये नव्हते. तेथे मुंबईच्या चाळींपासून दूरवरच्या खेड्यांपर्यंतचे रुग्ण येत आणि त्यांच्यासोबत पाश्चात्त्य ग्रंथांत ज्यांना जागा नव्हती असे आजारही येत.

वाडियांनी हे आजार पुस्तकातील चौकटीत कोंबण्याचा खटाटोप केला नाही. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा जन्मतःच निसटता असल्याने मज्जारज्जूवर येणारा दाब हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. अशा 28 रुग्णांवरील त्यांचा निबंध 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. वेळीच ओळखल्यास शस्त्रक्रियेने ज्याचे अपंगत्व रोखता येते, अशा विकाराकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले.

चालताना तोल जाणारे रुग्ण त्यांच्याकडे येत, त्यातून नजरेचा विषय उभा राहिला. लहान मेंदूची झीज झाली की पाय फाकवून चालावे लागते, हात थरथरतात, बोलणे जडावते. वैद्यकात याला 'अटॅक्सिया' म्हणतात. लोकांच्या नजरेला मात्र असा माणूस प्यायलेला वाटतो, आणि दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला हा संशय आयुष्यभर सोसावा लागतो. जर्मनीतील निकोलाउस फ्रीडराइश यांनी 1863 पासून एका आनुवंशिक अटॅक्सियाचे वर्णन केले होते. तो आजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण मुंबईतील काही कुटुंबांचे चित्र त्याहून वेगळे होते. त्यांच्यातील रुग्णांना उजवीकडचे बोट पाहून झटकन डावीकडच्या बोटाकडे पाहण्यास सांगितले, की डोळे झेपावत नसत. संथपणे, ओढत नेल्यासारखे जात. बघण्याची दिशा बदलण्यासाठी रुग्ण मान वळवीत किंवा पापण्यांची उघडझाप करीत. दृष्टी शाबूत असल्याने या विकारात डोळ्यांची तक्रार घेऊन बहुधा कोणी येत नाही. ते दिसावे लागते.

वाडिया आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास करून 1971 मध्ये 'ब्रेन'मध्ये निबंध लिहिला. लहान मेंदू व मज्जारज्जूच्या आनुवंशिक झिजेचा हा नवा प्रकार असून संथ डोळे ही त्याची खूण आहे, असा त्यांचा दावा होता. डोळ्यांना आडवी झेप घेण्याचा आदेश मस्तिष्कस्तंभातील 'पॉन्स' नावाच्या भागातील काही पेशी देतात. त्या पेशी झिजल्या की आदेश दुबळा पडतो, हे आज सर्वमान्य आहे.

त्याच वर्षी डोळ्यांनीच वाडियांपुढे आणखी एक कोडे टाकले. 1969 मध्ये आफ्रिकेतील घाना देशात सुरू झालेली डोळे येण्याची साथ 1971 मध्ये मुंबईत थडकली. डोळे लालभडक होत आणि काही दिवसांत बरेही होत. त्यामुळे कोणी फारसे मनावर घेतले नाही. परंतु त्यानंतर काही प्रौढांचे पाय पोलिओ झाल्यासारखे लुळे पडू लागले. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन घटनांचा संबंध जोडला आणि 'लॅन्सेट'मधून 1972 व 1973 मध्ये तो मांडला. या साथीमागील विषाणू आज 'एन्टेरोव्हायरस 70' म्हणून ओळखला जातो. साथ येऊन गेली की तिच्या मागे राहिलेल्यांची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. येथे ती झाली.

संथ नजरेच्या कुटुंबांना मात्र उत्तरासाठी पाव शतक थांबावे लागले. क्यूबातील बाधित कुटुंबांच्या अभ्यासातून 1993 मध्ये या विकाराचा दोष 12व्या गुणसूत्रावर असल्याचे दिसले आणि 1996 मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांनी ते जनुक शोधून काढले. विकाराला 'एससीए-2' हे रुक्ष नाव मिळाले. या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा निरोगी माणसात बहुधा 22 वेळा येतो. रुग्णांमध्ये तो 33 किंवा अधिक वेळा येतो. तुकडे जितके जास्त, तितका आजार लवकर जडतो. पुढच्या पिढीत जाताना ही संख्या वाढू शकते, म्हणून बापाला चाळिशीत जडलेला आजार मुलाला विशीतच गाठू शकतो.

निवृत्तीचे वय केव्हाच ओलांडलेल्या वाडियांनी हा धागा पुन्हा हाती घेतला. मुंबई आणि लंडनमधील सहकाऱ्यांसह त्यांनी एससीए-2 असलेल्या सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी केली आणि 1998 मध्ये, पुन्हा 'ब्रेन'मध्येच, निदानातील संथ नजरेचे मोल दाखवून दिले. 1971 मध्ये केवळ निरीक्षणाच्या बळावर जे वेगळे काढले होते, ते रेणूंच्या पातळीवरही वेगळेच निघाले. विज्ञानात असे समाधान स्वतःच्या हयातीत फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ही परीक्षा अहेरीसारख्या ठिकाणी अधिक मोलाची ठरते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील या जंगलपट्ट्यातील रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुधा नागपूरची वाट धरावी लागते. दोन बोटे समोर धरून नजर एकीकडून दुसरीकडे न्यायला सांगणे मात्र कोणत्याही आरोग्य केंद्रात शक्य आहे. आनुवंशिक आजार म्हटला की या भागात सिकलसेल आठवतो. सिकलसेलचा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. एससीए-2 मध्ये एकाकडून आले तरी पुरते. प्रत्येक अपत्याला धोका निम्मा. झीज थांबवणारे औषध अद्याप हाती नाही. व्यायामोपचार, पडण्यापासून जपणूक, गिळताना ठसका लागू नये याची काळजी, एवढेच करता येते. त्यामुळे रुग्णाच्या धडधाकट, लग्नाच्या वयाच्या मुलाने चाचणी करावी का, हा प्रश्न प्रयोगशाळेतून कुटुंबाच्या ओसरीवर येऊन थांबतो.

वाडिया जसलोक रुग्णालयात न्यूरॉलॉजीचे संचालक होते. भारतीय रुग्ण समोर ठेवून लिहिलेल्या मेंदूविकारांच्या ग्रंथाचे त्यांनी संपादन केले. 2012 मध्ये केंद्र सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. 10 एप्रिल 2016 रोजी वयाच्या 91व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी वेगळ्या काढलेल्या विकाराचे जनुक आणखी एका दुर्धर आजाराच्या संदर्भातही चर्चेत आले होते. त्यातील तुकड्यांची संख्या मध्यम प्रमाणात वाढलेली असेल, तर स्नायूंना दुबळे करीत नेणाऱ्या 'एएलएस'चा धोका वाढतो, असे 2010 मध्ये आढळले आणि त्या दिशेने संशोधन सुरू झाले.