आईनस्टाईनच्या वादाचा निकाल लावणारा जॉन बेल, ज्याचं नोबेल मात्र हुकलं

चपलांचा एक जोड घ्या. एक चप्पल खोक्यात घालून नगरला पाठवा, दुसरी शिर्डीला. कुठली कुठे गेली, कुणालाच माहीत नाही. नगरचं खोकं उघडलं, डावी निघाली. म्हणजे शिर्डीत उजवी! यात जादू काहीच नाही. खोकी भरतानाच ते ठरलं होतं.

आता चपलांच्या जागी प्रकाशाचे दोन कण ठेवा. एकत्र जन्मलेले असे कण कितीही लांब गेले, तरी त्यांची उत्तरं जुळतात. हेच क्वांटम एन्टँगलमेंट.

१९३५ साली आईनस्टाईन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं म्हणणं साधारण असंच होतं, की उत्तर आधीच ठरलेलं असणार. क्वांटमवाले म्हणत होते, मोजेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. पण खोकं उघडण्याआधी आत काय होतं, हे तपासायचं कसं?

मार्ग काढला जॉन बेलने. जन्म २८ जुलै १९२८, बेलफास्ट. घरची परिस्थिती बेताची. चार भावंडांत चौदा वर्षांनंतर शाळेत राहिला तो एकटा जॉन. सोळाव्या वर्षी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला आणि पुढे तिथेच पदवी घेतली.

१९६० पासून तो जिनिव्हाच्या सर्नमध्ये होता. तिथलं काम वेगळंच, क्वांटमचं हे कोडं म्हणजे फावल्या वेळचा उद्योग.

१९६४ मध्ये त्याने गंमत पकडली. चपलेला प्रश्न एकच, डावी की उजवी? कणाला मात्र वेगवेगळ्या कोनांतून तपासता येतं. उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि कण एकमेकांना काही कळवत नसतील, तर ती एका मर्यादेपलीकडे जुळूच शकत नाहीत. क्वांटमचं गणित ती मर्यादा ओलांडतं. म्हणजे आता प्रयोग करून निकाल लावता येणार होता.

पण हा पेपर ज्या जर्नलमध्ये आला, ते काही वर्षांतच बंद पडलं. पेपरकडेही फारसं कुणी पाहिलं नाही.

१९७२ मध्ये अमेरिकेत जॉन क्लॉझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी प्रयोग केला. १९८२ मध्ये फ्रान्समध्ये अलाँ आस्पे यांनी आणखी काटेकोर केला. मर्यादा तुटली. चपलांचा हिशोब कणांना लागू पडला नाही. (यातून नगरहून शिर्डीला मेसेज मात्र पाठवता येत नाही बरं का, कारण कुठलं उत्तर येणार हे आपल्या हातात नसतं.)

१ ऑक्टोबर १९९० ला, ६२ व्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने बेल गेला. २०२२ चं नोबेल क्लॉझर, आस्पे आणि अँटन झायलिंगर यांना मिळालं, याच विषयातल्या प्रयोगांसाठी. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. पण त्या प्रयोगांनी जी मर्यादा तोडली, तिला जग आजही बेलच्याच नावाने ओळखतं.