हापशीचा दांडा

मित्रांनो, आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने घाम फुटतो. तरी या वेळी हट्टाने मराठी विभागातच लिहितेय, कारण विषय आपल्या रोजच्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर पाच जणींना कावीळ झाली. त्यात माझी रूम पार्टनरही होती. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्न बघितलं तरी मळमळ. घरी गेली ती अख्खं सेमिस्टर बुडालं. आम्ही सगळ्यांनी एकमताने गेटबाहेरच्या पाणीपुरीवाल्याला दोषी ठरवून टाकलं. त्याच आठवड्यात व्हायवाची तयारी करताना जॉन स्नो हे नाव वाचनात आलं. दोन ओळी वाचणार होते, रात्री दोनपर्यंत वाचत बसले.

स्नोचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात झाला. वडील मजूर. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलला एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला ठेवले. १८१७ मध्ये बंगालमधून पसरू लागलेला कॉलरा १८३१ च्या सुमारास तिथे पोचला आणि या अठरा वर्षांच्या पोराला कोळशाच्या खाणीतल्या रोग्यांकडे पाठवण्यात आले. खाणीत संडास नव्हता, हात धुवायची सोय नव्हती आणि कामगार त्याच हातांनी तिथेच जेवत. ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली.

पुढे लंडनला जाऊन तो डॉक्टर झाला. भूल देण्यात इतका तरबेज, की १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यानेच दिला. म्हणजे लाइफ सेट होती! पण कॉलरा काही त्याचं डोकं सोडेना.

त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत, की कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो. स्नोचा प्रश्न साधा होता. हवेतून झाला तर आधी छातीत बिघाड हवा, मग सुरुवात पोटापासून का होते? म्हणजे रोगाचं मूळ तोंडावाटे पोटात जातंय, बहुधा पाण्यातून. १८४९ मध्ये त्याने हे छापले. फारसे कोणी मनावर घेतले नाही.

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलरा फुटला. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसे गेली. लोक घरं सोडून पळत होते आणि हा गडी उलट तिथेच जाऊन दारोदार विचारत होता, पाणी कुठून भरता? बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशीच्या आसपास होते. पण मला खरी गंमत वाटली ती अपवादांची. जवळच्याच अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं होती, त्यातली फक्त पाच दगावली; त्यांची विहीर वेगळी होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरच्या वर कामगार, पण कॉलऱ्याने एकही गेला नाही. ते हापशीचं पाणी पीतच नसत. उलट, कित्येक मैल लांब राहणारी एक विधवा बाई मात्र गेली. तिला या हापशीच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती रोज गाडीने बाटली भरून मागवायची!

७ सप्टेंबरला स्नोने ही माहिती स्थानिक मंडळापुढे ठेवली. मंडळींना फारसे पटले नाही, तरी दुसऱ्या दिवशी हापशीचा दांडा काढला गेला. खरं सांगायचं तर साथ तोवर ओसरायला लागली होती आणि हे स्नोने स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवले. (आपण प्रॅक्टिकलचं रीडिंग कसं जुळवतो, ते आठवा.) नंतर त्याच भागातले पाद्री हेन्री व्हाइटहेड स्नोला खोटे ठरवायला निघाले आणि त्यांनाच पुरावा सापडला. हापशीसमोरच्या घरातले तान्हे बाळ जुलाबाने आजारी होते. आई त्याच्या लंगोटांचे पाणी घरच्या शोषखड्ड्यात टाकायची. तो खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता आणि गळत होता.

तरीही सरकारी आरोग्य मंडळाने हवेचीच गोष्ट धरून ठेवली. १६ जून १८५८ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, पक्षाघाताच्या झटक्याने स्नो गेला. त्याच उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटने घाईघाईने गटारांच्या कामाला मंजुरी दिली. इंजिनिअर बॅझलजेट यांनी ती गटारे बांधली. वास घालवायला बांधली, पण पाणी स्वच्छ झाले आणि कॉलराही हटला. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी आपल्या कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूची खात्री पटवली. स्नो ते बघायला नव्हता.

हे वाचून झाल्यावर मला आमच्या हॉस्टेलमागची ओली जागा आठवली. मेसला जाताना आम्ही रोज नाक दाबून तिच्यावरून उडी मारायचो. मीसुद्धा, आणि मी सिव्हिलची! वॉर्डन मॅडमना सांगितलं, त्यांनी लगेच प्लंबर बोलावला. खोदल्यावर दिसलं, की पिण्याच्या पाइपचा जॉइंट गळतोय आणि शेजारीच ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय. नळाला पाणी असताना पाइपमधलं पाणी बाहेर गळतं. पाणी गेलं, प्रेशर उतरलं, की बाहेरची घाण त्याच फटीतून आत ओढली जाते. हे आम्ही फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मार्कांसाठी शिकलो होतो.

जॉइंट बदलला, टाकी धुऊन क्लोरीन टाकलं. पाणीपुरीवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. रूम पार्टनरचं सेमिस्टर मात्र परत आलं नाही.

तेव्हा मित्रांनो, शंका असेल तर पाणी उकळून प्या, जेवणाआधी साबणाने हात धुवा. हे आईही सांगते. मी एवढंच जोडते, की कुठे ओल दिसली तर उडी मारून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा आणि कोणाला तरी सांगा.