पाय दुखत नाही, हीच खरी भीती : डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट

शुगरच्या दवाखान्यात गेलं की काही डॉक्टर आधी चप्पल काढायला सांगतात. डोळे मिटायला लावतात आणि नायलॉनचा एक जाडसर धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवून कळतंय का विचारतात. बऱ्याच पेशंटना हा प्रकार म्हणजे वेळ घालवणं वाटतं. शुगर रक्तात आणि तपासणी पायाची! पण या तपासणीमागे ज्या माणसाचं आयुष्यभराचं काम आहे, तो मुळात मधुमेहाचा डॉक्टर नव्हताच. डॉ. पॉल ब्रँड हे सर्जन होते, कुष्ठरोग्यांचे डॉक्टर म्हणून जगभर ओळखले गेले, आणि त्यांचा जन्म आपल्याच दक्षिणेत, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १७ जुलै १९१४ रोजी झाला.

आईवडील इंग्रज मिशनरी. डोंगरात रस्ता नाही, वीज नाही. वडील जेसी ब्रँड जमेल तसे औषधोपचार करायचे, घरं बांधायचे, शेतीचे प्रयोग करायचे. एकदा पायांना जखमा झालेले तीन अनोळखी माणसं दारात आली. वडिलांनी हातमोजे घातले, जखमा धुऊन बांधल्या, आणि मुलांना जवळ फिरकू दिलं नाही. इतर वेळी कुणालाही हात लावणारे वडील त्या दिवशी वेगळेच वागले, हे पोराच्या डोक्यात राहिलं. ते तिघे कुष्ठरोगी होते. तेव्हा लोक त्याला महारोगच म्हणायचे.

नऊ वर्षांचा असताना पॉल शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. वडिलांची पुन्हा भेट झालीच नाही. १९२९ मध्ये ते डोंगरातच तापाने गेले. बातमी तारेनं आली, आणि वडिलांनी आधी टाकलेलं पत्र बोटीनं त्यानंतर पोचलं. आई मात्र डोंगर सोडून गेली नाही. म्हातारपणीही ती त्या भागात गावोगाव फिरत होती आणि १९७४ मध्ये पंचाण्णव वर्षांची होऊन वारली. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

रक्त-पू बघून शिसारी आलेल्या या मुलानं डॉक्टरकी नकोच म्हणून ठरवलं होतं. तो गवंडीकाम आणि सुतारकाम शिकला. चार-पाच वर्षं. त्या काळात ती वर्षं वाया गेली असं कुणालाही वाटलं असतं. पुढे त्यानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं. वर्गातल्याच मार्गारेट बेरी यांच्याशी १९४३ मध्ये लग्न झालं. त्या पुढे डोळ्यांच्या डॉक्टर झाल्या आणि कुष्ठरोग्यांचे डोळे वाचवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. युद्धाच्या काळात बॉम्बहल्ल्यातले जखमी सांभाळत ब्रँड सर्जन झाले, आणि १९४६ च्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

वेल्लोरला आल्यावर डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चेंगलपट्टूची कुष्ठधाम दाखवायला नेलं. तिथं बोटं आत वळून पंजा झालेले शेकडो हात. ब्रँड यांनी एका तरुणाच्या हातात हात देऊन जोरात दाबायला सांगितलं, आणि कळवळून त्यांनाच हात सोडवून घ्यावा लागला. पंजा वाकडा, पण ताकद शाबूत! म्हणजे सगळा हात मेलेला नव्हता. ठराविक नसा बंद पडल्या होत्या, आणि बाकीचे स्नायू धडधाकट होते. मग धडधाकट स्नायूचा कंडरा वळवून बंद पडलेल्या जागी जोडला तर? यातूनच वाकडी बोटं सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया उभ्या राहिल्या. त्याच सुमारास इकडे वरोऱ्यात बाबा आमटे आनंदवन उभारत होते. कुष्ठरोग्याला पुन्हा कामाला लावता येतं, हे त्या काळात दोन्हीकडे वेगवेगळ्या वाटांनी सिद्ध होत होतं.

पण हात सरळ झाले आणि नवीनच कोडं पुढे आलं. ऑपरेशन झालेले पेशंट नव्या जखमा घेऊन यायचे. जखमा येतात कुठून? त्या काळी डॉक्टरांसकट सगळे मानायचे की या रोगात मांस आपोआप सडतं, बोटं झडतात. ब्रँड यांना ते पटेना, कारण प्लास्टरमध्ये झाकून ठेवलेली जखम इतर कुणाच्याही जखमेसारखीच भरून यायची. त्यांनी पेशंटवर पाळतच ठेवली म्हणा ना. एका पोरानं गंजलेलं कुलूप सहज उघडून दिलं, पण किल्लीनं त्याचं बोट हाडापर्यंत कापलं गेलं आणि त्याला पत्ताच नाही. कुणी निखाऱ्यात हात घालून पडलेली वस्तू उचलायचं. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीतून गायब व्हायचे. जागून पाहिल्यावर कळलं, झोपेत उंदीर कुरतडतात. मग केंद्रातून घरी जाणाऱ्या पेशंटबरोबर मांजर द्यायची पद्धत पडली. ऐकायला गंमत वाटते, पण त्या मांजरांनी किती बोटं वाचवली असतील.

रोग बोटं खात नव्हता. रोगानं फक्त दुखणं काढून घेतलं होतं, पुढचं सगळं रोजच्या वापरानं होत होतं.

पायाचं गणित आणखी अवघड निघालं. तिथं ना कुलूप, ना निखारा. नुसतं चालण्यानं जखम व्हायची, तीही प्रत्येक वेळी त्याच जागी. इथं सुतारकाम कामी आलं. कुठल्या पायावर कुठे भार पडतो ते मोजायचं, आणि त्याप्रमाणे तळवा घडवायचा. बारीक हवेचे बुडबुडे असलेल्या मऊ रबराच्या चपला वेल्लोरला बनू लागल्या. एमसीआर चप्पल म्हणून आजही बधिर पायांसाठी जी मिळते, ती हीच.

याच वर्षांतला एक प्रसंग ब्रँड यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये लांबचा रेल्वे प्रवास करून रात्री मोजे काढताना टाचेला काहीच कळेना. सुई टोचली. नाहीच. आपल्यालाच कुष्ठरोग झाला या विचारात रात्र गेली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि जोरात कळ आली. प्रवासात नस दबली होती, एवढंच. त्या कळेचा आपल्याला आनंद झाला असं सांगणारा दुसरा डॉक्टर सापडणं कठीण.

१९६० मध्ये लास्कर पुरस्कार आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारचा सीबीई किताब मिळाला. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथं त्यांना मधुमेहाचे पाय भेटले. अमेरिकेत कुष्ठरोगी थोडे, मधुमेही अफाट. त्यांच्या जखमांना डॉक्टर रक्तपुरवठ्याचा दोष द्यायचे आणि मधुमेह्याचं मांस भरून येत नाही असं सांगून पाय कापायचे. ब्रँड यांना मात्र जखमांच्या जागा ओळखीच्या वाटल्या. वेल्लोरला पाहिलेल्याच! रक्तपुरवठा काहींचा खराब असतोच, ते खोटं नाही. पण पुष्कळ पाय ऊबदार होते, रक्त पोचत होतं, फक्त बधिर होते. वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरनं लांब नसा आधी खराब होतात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढावा तसा वर येतो.

मग नुसत्या चालण्यानं कातडी का फुटते? कारव्हिलला त्यांनी उंदरांच्या तळपायावर यंत्रानं हलका दाब पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. एका दाबानं काहीच होईना. पण रोज हजारो वेळा तोच दाब तिथंच पडला की आधी जागा लाल आणि गरम व्हायची, सूज यायची, म्हणजे दाह. तरीही थांबलं नाही की काही दिवसांत तिथं जखम. मधे विश्रांती मिळाली तर उलट कातडी जाड होऊन टिकायची. धडधाकट माणूस दाह सुरू झाला की नकळत लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो. बधिर पायाचा माणूस तसाच चालत राहतो. लंगडत नाही म्हणून घरचेही निश्चिंत असतात.

दुखणं परत देता येईल का, हेही त्यांनी करून पाहिलं. हातमोजात आणि मोजात दाब मोजणारी यंत्रं बसवली, कानात आवाज, मग विजेचा झटका. बरीच वर्षं खर्ची पडली आणि प्रयोग फसला. काम अडलं की पेशंट यंत्र बंद करायचे. मग त्यांनी साधा मार्ग धरला. दुखत नसलं तरी दाह गरम लागतो. दोन्ही तळपायांना हात लावून एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम आहे का बघायचं आणि असली तर चालणं थांबवायचं. जखम असेल तर पायाला नीट बसणारं प्लास्टर घालून भार पसरवायचा. नायलॉनच्या धाग्याची कसोटीही कारव्हिलच्याच मंडळींनी पक्की केली. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासातून दहा ग्रॅम दाबाचा धागा पुढे आला. तो ज्याला कळत नाही त्याचा पाय धोक्यात, असं मानलं जाऊ लागलं.

अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयात प्रत्येक मधुमेह्याचे बूट-मोजे काढून पाय बघायचा नियम झाला, तेव्हा पाय कापण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. औषध नवं नव्हतं. आपल्याकडे देवळात, यात्रेत अनवाणी चालायची रीत आहे. तापलेल्या फरशीनं धडधाकट माणूस उड्या मारतो. बधिर पायाला फोड आलेला संध्याकाळी पाय धुताना दिसतो, तोही बघितला तर.

ब्रँड १९८६ मध्ये निवृत्त होऊन सिएटलला राहायला गेले. तिथंही शिकवत राहिले, लिहीत राहिले. ८ जुलै २००३ रोजी, पडून डोक्याला मार लागल्याचं निमित्त होऊन ते गेले. वय ८८. वेल्लोरजवळ करीगिरीला, जिथं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काम उभं केलं, तिथल्या केंद्रात बधिर पायांवर अजूनही उपचार होतात.